मानाचा कागद, सरकारी भिंत

११ जानेवारी, शनिवार

झाला ठराव! शाळेच्या नव्या खोलीत आमचा मानाचा कागद लागणार. सही माझी — अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती. कुणीच तयार नव्हतं म्हणून गळ्यात पडलेलं हे अध्यक्षपद आज पहिल्यांदा कामाला आलं.

वरच्या वाडीचे सभासद आलेच नाहीत. आंब्याला मोहोर धरलाय, सगळे फवारणीला. नोटीस त्यांना गेली होती, पण या दिवसांत सकाळी कोण येणार हे आम्हाला ठाऊक होतं. सर्वेश सर म्हणाले, वहिनी, पुढच्या शनिवारी घेऊया का? सर देशावरचे. एकटेच चार वर्ग सांभाळतात आणि सगळ्यांनाच भितात. मी म्हटलं, कोरम आहे ना? मग लिहा.

घरी येऊन आबांना सांगितलं. माझे सासरे मुळात बोलणारे नव्हेत. पडवीत दोर वळत बसले होते. दोर खाली ठेवला, आत जाऊन देवापुढे उभे राहिले. बाहेर आले तेव्हा डोळे ओले.

'पोरी, माज्या बापाना जमला नाय ता तू केलंस.'

लग्न होऊन आले तेव्हापासून आज पहिल्यांदा त्यांनी मला पोरी म्हटलं. आई — म्हणजे सासूबाई — चुलीपाशी होत्या. त्यांनी ऐकलं आणि फाटी आत सारली. 

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वाण लुटून आले. पायांचे तुकडे पडलेत, पण कागदाबद्दल एकदा नीट लिहून ठेवायचंच आहे.

फार जुना कागद, मोडी. दोन वाड्यांत देवीच्या पालखीवरून डोकी फुटली, तेव्हा कुणा अंमलदाराने दिलेला निवाडा. वर 'श्री झोलाई प्रसन्न', खाली शिक्का. शिमग्याला पालखी उठेल तेव्हा पहिला खांदा खालच्या वाडीचा, आणि तोही आमच्या घराचा. वरच्या वाडीने वाट झाडावी आणि मागे चालावे. एवढंच. त्यात गुपित काही नाही, गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. वरची वाडी म्हणते, निवाडा एकतर्फी होता. शेवटी आबांच्या वडिलांच्या काळात गावाने पाळी लावली — एका शिमग्याला पहिला खांदा आमचा, पुढच्या शिमग्याला त्यांचा. भांडण मिटलं. आबांचं मिटलं नाही. पाळीने मिळतो तो मान नव्हे, रेशन — असं ते म्हणतात.

मग शाळेतच का? देवळात लावता येणार नाही, ट्रस्टवर दोन्ही वाड्या. आमच्या पडवीत लावला तर कुत्रं विचारणार नाही. शाळेची भिंत सरकारी! तिथे संविधानाची उद्देशिका आहे. तिच्या शेजारी लागला की सरकारने मानला. आमच्या वाडीत लहानथोर सगळे हेच धरून चाललेत, आणि खरं सांगायचं तर मीही. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचे दीपकभावजी हुशार. त्यांनी 'ग्राम-इतिहास कोपरा' असं नाव काढलं. चौथीला परिसर अभ्यास आहेच, म्हणाले. कागद देवनागरीत उतरवून घेतलाय, खिडकीएवढा मोठा छापून सोनेरी चौकट केलीय.

माझं माहेर लोट्याचं. वडील कंपनीत शिफ्टला. आमच्याकडे मान म्हणजे कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा! इथे आल्यावर मला कळलं की माणूस खांद्यावरून ओळखतात. आधी हसू यायचं. आता येत नाही, आता हे घर माझं आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं. संस्कृती कागद वाचून दाखवणार होती — माझी लेक, चौथीत. हिरवा परकर, वेणीत अबोली. आधी सगळ्यांनी उद्देशिका म्हटली, मग दीपकभावजींनी पडदा ओढला.

पोरगी काय खडखडीत वाचते! एकही अडखळ नाही. 'मागे चालावे' इथे आवाज चढवला, घरी तसंच शिकवलं होतं. मीच. आबा पुढच्या खुर्चीत, धुवट टोपी, मान ताठ. मला अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू.

मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. वरची वाडी उठली. पोरांना लाडू वाटायचे होते तेसुद्धा घेतले नाहीत. धोंडूकाका त्यांचे म्होरके, आबांच्याच वयाचे. ते दारात थांबले.

'काशीराम, आमी मागं चाललो आसतो रे. पोरांना कशाला चालवतोस?'

आबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. दीपकभावजी म्हणाले, इतिहास आहे काका, इतिहासाला राग कसला. त्यांना बरं आहे, दुपारी गाडी काढून मुंबईला गेले.

२७ जानेवारी, सोमवार

पोरं आली शाळेत, सगळी. म्हणजे काही झालं नाही. उगाच रात्रभर डोळा लागला नव्हता.

३० जानेवारी, गुरुवार

संस्कृतीने सानिकाला ढकललं.

सानिका वरच्या वाडीची — शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या गोदाकाकीची नात. बालवाडीपासून दोघींची एकच चटई. एकीला गालगुंड आलं की दुसरीला चार दिवसांनी यायचंच. मधल्या सुट्टीत पोरं पालखी-पालखी खेळत होती. वर्गातला छोटा बाक उलटा करून खांद्यावर घेतलेला. सानिका पुढे खांदा द्यायला गेली, आमची म्हणाली मागे हो. ती होईना. मग हिने ढकललं. चिऱ्याच्या पायरीवर तोंड आपटलं. पुढचा दात अर्धा तुटला. दुधाचा नव्हे — पक्का दात.

मी धावत गेले तर गोदाकाकी नातीला मांडीवर घेऊन बसलेली, पदर रक्ताने भरलेला.  

घरी आणून संस्कृतीला दोन धपाटे घातले. ती रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, 'भिंतीवर लिहिलंय ना ते? तूच मला पाठ करून घेतलंस. मग मी काय चुकीचं केलं?'

 धपाटे घातलेला हात अजून चुरचुरतोय. मला माझी लाज वाटते आहे.

आबा म्हणाले, पोरांत लागतंच.

३१ जानेवारी, शुक्रवार

वरच्या वाडीचं एकही पोर शाळेत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. गोदाकाकीही नाही. खिचडी मी केली. खाली लागली, वर पाणी राहिलं. आमच्याच वाडीची पोरं नाकं मुरडत होती — बाई, गोदाआजीसारखी नाही झाली! म्हटलं, मला माहीत आहे, गिळा.

सर्वेश सर कोपऱ्यात बसून हजेरीकडे बघत होते. पट निम्म्यावर आला तर शाळा पलीकडच्या गावच्या शाळेत जोडतील, शिक्षण खात्याच्या साहेबांनी गेल्याच महिन्यात बैठकीत सांगितलंय. पलीकडचं गाव म्हणजे मधे खाडी आणि घाटी. चौथीची पोरं जातील कशीबशी, पहिलीची कशी जाणार? सर म्हणाले, 'वहिनी, माझं काय, बदली होईल. पण तुमच्या गावात परत शाळा येणार नाही बघा.'

मी म्हटलं, मग तुम्ही तेव्हाच ठराव अडवायचा. ते म्हणाले, मी पुढचा शनिवार म्हटलं होतं. खरं आहे. म्हटलं होतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

दापोली रस्त्यावरच्या इंग्रजी शाळेची व्हॅन आज वरच्या वाडीत आली होती. पिवळी. पोरं नुसती बघायला जमली, चढलं कुणी नाही. पण चढतील.

गोदाकाकीकडे गेले होते. वाटेत तीनदा वाटलं परत फिरावं. तिने दारात बसायला पाट दिला, पाणी दिलं, आत बोलावलं नाही. सानिका खांबाआडून बघत होती, ओठ मिटून. मी म्हटलं, दाताचं डॉक्टरकडे दाखवूया, मी येते सोबत. काकी म्हणाली, दाखवलान तिच्या बापाने. 

उठताना ती म्हणाली, 'श्रद्धा, मी त्या शाळंत तुज्या पोरीला भरवलाय. ती जेवायची नाय तवा. आता त्या भिंतीखाली बसून मी भात कसा वाढू?'

आजपर्यंत मला वाटत होतं, दोन म्हाताऱ्यांचं भांडण आहे. नाही. ते आता सगळ्या पोरांच्या ताटापर्यंत आलं आहे आणि मी आणलं आहे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आबांशी बोलले. दुपारी जेवण झाल्यावर, सुपारी कातरत होते तेव्हा. म्हटलं, आबा, शिमगा होईपर्यंत तरी कागद घरी आणून ठेवूया. पोरं परत येऊ देत. मग बघू.

सुपारी कातरायची थांबली.

'लावताना इचारलंस, उतरवताना पन इचारतंस. बरा हाय.' मग म्हणाले, 'माजा बाप पाळीला हो म्हनाला त्या दिवशी घरी येऊन जेवला नाय. मरेपर्यंत पालखीला हात लावलान नाय. मना शिमग्याला एकट्याला पाठवायचा. ता तुना काय म्हायती.'

मला खरंच माहीत नव्हतं. डोळ्यांसमोर आलं — एक पोरगा, बापाच्या टोपीतला, एकटा देवळाकडे चाललेला. राग धरून गेले होते, तो कुठल्या कुठे गेला. पण मग सानिकाचा दात आठवला. दोन्ही एकदम डोक्यात घेऊन भांडी घासली. एक कप फुटला.

नवऱ्याचा, सागरचा फोन आला, सिग्नल तुटक. त्याचं जहाज कुठेतरी आखातात आहे. शिमग्याला नक्की येतोय म्हणाला. सगळं सांगितलं. 'मी येईपर्यंत काही करू नको, श्रद्धा.' बोटीवरून सांगायला काय जातंय!

१६ फेब्रुवारी, रविवार

गावाने शेवटी देवीवर सोडलं. कौल लावायचा. कागद शाळेत राहू दे असेल तर उजवा दे, उतरव असेल तर डावा दे.

सकाळी सगळा गाव देवळात. वरची वाडी एका अंगाला, आम्ही एका अंगाला, मधे वाट मोकळी. बाबल्या गुरवाने पाकळ्या ओल्या करून देवीच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. गाऱ्हाणं घातलं. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले — एका आवाजात! त्यापुरते दोन्ही वाड्या एक.

आणि मग काही नाही. पाकळी हलेना. एरवी बाबल्याचं गाऱ्हाणं संपायच्या आत पडते. पोरं कंटाळली, बायका खाली बसल्या. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आलं. आबा आणि धोंडूकाका दोघेही उभे, हात जोडून, समोरासमोर. आधी बसेल तो हरला, असं दोघांनी मनाशी धरलेलं दिसत होतं. मला भीती वाटायला लागली, यातला एक म्हातारा कोसळणार.

शेवटी बाबल्याने तांब्यातलं पाणी पायावर घेतलं आणि सगळ्यांकडे तोंड केलं. 'नाय देत ती कौल. शाळंचा मना कशाला इचारताव, म्हनते. ज्याने लावलाय त्याने बघावा.'

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. ज्याने लावलाय — म्हणजे ठरावावर सही कुणाची? देवीने हात झटकले आणि माझ्या पदरात टाकलं! 

१७ फेब्रुवारी, सोमवार

पिवळी व्हॅन. आज चार पोरं चढली. सानिका नव्हती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

समितीची सभा. या वेळी सगळे हजर. मला सोडून खालच्या वाडीचे जितके, वरच्याचे तितके. सर चिटणीस, त्यांना मत नाही म्हणून ते सुटल्यासारखे दिसत होते. आबा समितीत नाहीत. ते बाहेर खिडकीपाशी उभे होते, गजांना धरून. आत या म्हटलं तर आले नाहीत.

एकच विषय — कागद भिंतीवर ठेवावा की उतरवावा. हात वर करा. सारखे. सरांनी पुन्हा मोजले, पुन्हा सारखे. मग ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, अध्यक्षांचं मत निर्णायक.

मी भिंतीकडे बघितलं. एका बाजूला उद्देशिका — तिला ओल लागून लागून कोपरा पिवळा झालाय, चौकटसुद्धा धड नाही. शेजारी आमचा सोनेरी कागद, तिच्यापेक्षा दुप्पट मोठा. इतके दिवस हे मला दिसलं नव्हतं. संस्कृतीने ते दोन्ही पाठ केले होते आणि खेळताना त्यातला एकच वापरला.

म्हटलं, उतरवा. सर लिहीनात, म्हणून परत म्हणाले. उतरवा.

आमच्या वाडीचा गौरव — नात्याने पुतण्या, मीच त्याला समितीत घेतलं होतं — तो उठून म्हणाला, 'काकी, घरातलाच माणूस घर बुडवतो म्हणतात ते खरं.' कुणी त्याला गप्प केलं नाही. खिडकीत बघितलं तर आबा नव्हते.

स्टूल घेऊन मीच चढले. सर खालून धरायला आले. चौकट जड होती, सुताराने चार खिळे मारलेले. चादरीत गुंडाळून कडेवर घेऊन घरी आणली. रस्त्याने कुणी भेटलं नाही, म्हणजे सगळी दारं लावलेली होती, माणसं आत होती.

आबांनी ती माझ्या हातातून घेतली. चादर सोडवली, घडी केली, मला परत दिली. कागद माजघरात नेऊन ठेवला.  शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सानिका आली! आणखी तीन-चार पोरंही. व्हॅनमधली नाही आली अजून. गोदाकाकीने चूल— गॅस पेटवला, मला म्हणाली, सरक. एवढंच. पण किती बरं वाटलं! आमची संस्कृती चटईच्या एका टोकाला, सानिका दुसऱ्या टोकाला. असू दे.

२ मार्च, रविवार

वाडीच्या बायकांच्या ग्रुपमधून मला काढलं. पाण्याची वेळ कळेना म्हणून आज घागरी रिकाम्या राहिल्या. विहिरीवर गेले तर बोलणं थांबलं. गौरवची आई एवढंच म्हणाली, या शिमग्याला पालखी तुमच्या दारावरून सरळ जाणार म्हणे.

म्हणे!

या वर्षी पाळी आमची. म्हणजे पहिला खांदा आमच्या घराचा — आणि पालखी मात्र आमच्या दारात येणार नाही? आईंना सांगितलं नाही. त्या अंगण चोपत होत्या. दरवर्षी पालखीसाठी त्या अंगणाचा एकेक खडा वेचतात. कंबर धरून, वाकून वाकून.

७ मार्च, शुक्रवार

आईंना कळलंच. कोण सांगतं यांना? दुपारी माझ्यापाशी येऊन बसल्या. 'देवी येयाची नाय म्हनतात, खरा काय गो?' मी म्हटलं, कोण म्हणतंय, येणार. त्यांना पटलं नाही. ओटीसाठी तांदूळ निवडत बसल्या, तेच तेच परत निवडत.

आबा माझ्या हातचं जेवतात, पण ताट आईंकडून घेतात. संस्कृतीला सुद्धा जवळ घेत नाहीत. ती काल त्यांची टोपी धुऊन वाळत घालून आली. त्यांनी दुसरी घातली. यावर मी चिडले, इतकी चिडले की मागच्या परसात जाऊन एकटीच बडबडले. पोरीने काय केलंय? माझ्यावरचा राग माझ्यावर काढा!

१२ मार्च, बुधवार

सागर आला. काळवंडलाय. चॉकलेटं, साबण, आईंना शाल.

रात्रीची वाटही बघितली नाही, सकाळीच भांडलो. मी येईपर्यंत थांब म्हटलं होतं ना? मी म्हटलं, व्हॅन थांबली नसती. तो म्हणाला, 'माझा बाप मोडला ग त्यात.' मी म्हटलं, मला दिसत नाही का? मग तो चपला घालून बाहेर गेला. दुपारी परतला तो वरच्या वाडीतून. धोंडूकाकांकडे चहा घेऊन आला म्हणे. काय बोललात? म्हणाला, काही नाही, बोटीबद्दल विचारत होते.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी लागली. पालखी उठायची वेळ झाली तरी आबा पडवीतून हलेनात. सागरने दोनदा बोलावलं. मग तो एकटाच गेला.

देवळात पहिल्या खांद्यापाशी येऊन तो थांबला म्हणे, कारण आबा असताना मुलाने कसा द्यायचा. आमच्या वाडीचे तोंडं फिरवून उभे. गौरव पुढे होऊ बघत होता. तेव्हा धोंडूकाका म्हणाले, काशीरामाचा पोरगा हाय, पाळी त्यांची हाय, घे रे खांदा.

सागरने घरी येऊन हे सांगितलं. मोठ्याने सांगितलं, पडवीत ऐकू जावं म्हणून. आबांनी दोर वळायला घेतला.

१५ मार्च, शनिवार

बाबल्या गुरव दारावरून जाताना सांगून गेला. 'उद्या दुपारची तुमच्या वाडीत. कुनाचा दार सोडीत नाय देवी, तयारी ठेवा.' आई दोनदा विचारून आल्या त्याला, रस्त्यापर्यंत मागे जाऊन.

येणार! आमच्या दारात येणार! मी घावण्यांचं पीठ भिजवलं, नारळ सोलले. आईंनी शाल काढून ठेवली. कितीतरी दिवसांनी घरात वास आला खमंग. आज झोपेन.

१६ मार्च, रविवार

वही घरात राहिली. हे शाळेच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते आहे.

पालखी आली. ढोल अंगणात शिरला आणि आबांनी पुढचं दार आतून लावलं. आम्ही तिघी आत, हातात ओटीचं सूप. बाहेर सागर, त्याच्या खांद्यावर देवी, पहिला खांदा. तो हाक मारत होता — आबा, दार उघडा. पालखी खाली ठेवत नाहीत, त्यामुळे भोई नुसते झुलत राहिले. आबा कडीला पाठ लावून उभे. मी काही बोलायच्या आधी आईंनी माझ्या हातातलं सूप घेतलं आणि मागच्या दाराने निघाल्या. संस्कृतीचा हात धरून मी त्यांच्या मागून. घराला वळसा घालून आम्ही आमच्याच अंगणात आलो, बंद दारासमोर देवीची ओटी भरली. निवडलेले तांदूळ अंगणात सांडले.

पालखी पुढे गेली, सागर तिच्याबरोबर. परत मागे गेलो तर मागच्या दारालाही आतून कडी.

आईंनी दार वाजवलं नाही. शाल खांद्यावर घेऊन चालायला लागल्या. शाळेची एक किल्ली माझ्या कनवटीला असते. संस्कृतीने चटया घातल्या. आई भिंतीला टेकून बसल्या, पाय लांब करून.

मी म्हटलं, आई, संध्याकाळी आबा शांत होतील, मग जाऊ.

'तू जा, मी येयाची नाय,' त्या म्हणाल्या. 'शेगडी पेटव आदी. मना चाय पायजे.'